व्याह्यांसाठी ऊन

आमच्या घराचं परस पश्चिमेला होतं. हिवाळ्यात सकाळभर त्यावर घराचीच सावली पडलेली असायची आणि ऊन यायचं ते दुपारी एकच्या पुढे, म्हणजे पुण्यातला सभ्य माणूस झोपलेला असताना. पर्वतीच्या बाजूचं ते बैठं घर माझ्या सासऱ्यांनी स्वतः उन्हातान्हात उभं राहून बांधून घेतलं होतं. जन्मभर शाळेत गणित शिकवून ते निवृत्त झालेले. घराची दिशा चुकली असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. त्यांच्या मते परस बरोबर होतं, सूर्यच उशिरा येत होता.

माझे वडील वाघोलीचे शेतकरी. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. तेव्हा वाघोलीत शेतं होती, हे आता मुद्दाम सांगावं लागतं. विहिरीला पाणी असेतो, म्हणजे हिवाळाभर, ते मटार आणि मेथी घेऊन पहाटे टेंपोने मार्केट यार्डात यायचे आणि माल विकून झाला की माझ्याकडे. पायाला माती असते म्हणून पुढच्या दाराने कधी आले नाहीत. बाजूच्या बोळातून थेट परसात यायचे आणि तिथल्या लोखंडी खुर्चीवर बसायचे. चहा घ्यायचे, "बरी हायस न्हवं?" एवढं विचारायचे आणि उठायचे. जेवायला काही थांबायचे नाहीत.

का थांबत नाहीत, ते मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या जुन्या माणसांत रीत आहे, लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्न खायचं नाही. थोरल्या बहिणीला मुलगा झाला तेव्हा आबा तिच्याकडे मांडी ठोकून जेवले होते, वर दोनदा आमटी मागून घेतली होती. माझ्या लग्नाला मात्र बरीच वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता. खरं तर रीतीप्रमाणे लेकीच्या घरचं पाणीसुद्धा चालत नाही, पण चहा म्हणजे काही अन्न नव्हे, अशी पळवाट आबांनी माझ्यासाठी काढली होती. त्यापुढे जायला ते तयार नव्हते. आणि मला तर एवढं एकच हवं होतं, की माझ्या हातची भाकरी माझ्या बापाने माझ्या दारात बसून खावी. मूल होईल तेव्हा होईल, बाप तर समोर बसलेला होता.

एका हिवाळ्यात सासूबाईंनी विचारलंच. "तुझे वडील आपल्याकडे जेवत का नाहीत गं? आमच्या हातचं आवडत नाही का त्यांना?"

खरं सांगावं तर मुलाचा विषय निघणार. आमच्या घरात तो विषय कुणी काढत नसे. सगळे इतक्या काळजीने तो टाळायचे की त्यानेच जीव नको व्हायचा. मी पहिलं सुचलं ते बोलून गेले. "त्यांना गारठा सोसत नाही, आई. परसात बसतात ना. थोडा वेळ बसलं की अंगात कापरं भरतं."

पहाटेच्या दहिवरात गुडघाभर पाण्यात उभा राहून वाफ्यांना पाणी देणारा माणूस! त्याला मी एका वाक्यात पार हुडहुडी भरवली. सासूबाईंनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. सासरे मात्र पेपरमधून डोकं वर काढून म्हणाले, "मग परस गरम करायला पाहिजे." जसं काही गहू दळून आणायचे होते.

पहिल्यांदा त्यांनी वाऱ्याचा बंदोबस्त केला. मार्केट यार्डातून रिकामी पोती आणवली आणि बोळाच्या जाळीदार फाटकावर ती शिवून टाकली. वारा थांबला. त्याबरोबर दूधवालाही थांबला, कारण त्याला फाटक कुठे उघडतं ते सापडेना. पुढच्या खेपेला आबा आले ते पोतं वर करून, वाकून आत आले. चहा घेतला नि उठले. "निघतो आता," म्हणाले. सासऱ्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. गारठा अजून होता.

मग कोळशाची शेगडी आली. कोळसा ओला निघाला. आबांनी पुढच्या वेळी येताना तुरकाट्यांची मोळी आणली. त्यांना वाटलं, व्याह्यांना सरपण कमी पडतंय. तुरकाट्या भडभडून पेटल्या आणि तितक्याच घाईने विझल्या. मागे राहिला तो धूर, आणि फाटक पोत्यांनी बंद केलेलं असल्याने तो धूर कुठेही न जाता आमच्यातच बसला. गणिताचे मास्तर आणि वाघोलीचे शेतकरी दोघेही डोळे पुसत एकमेकांना "आपण आत व्हा", "न्हाई, तुमी व्हा" करत राहिले. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. "होळी यंदा लवकर का हो? नाही, कपडे वाळत घातलेत, म्हणून विचारलं."

"होळीलाही घालाच," सासरे म्हणाले. त्या दिवसापासून काकूंनी आमच्याशी बोलणं टाकलं, हा त्या शेगडीचा एकमेव फायदा.

तिसरा उपाय शास्त्रीय होता. परसाच्या टोकाला संडास होता आणि त्याच्या छतावर सकाळी आठलाच ऊन यायचं. सासऱ्यांनी कागदावर घर काढलं, सूर्य काढला, कोन काढले आणि माझ्या ड्रेसिंग टेबलाचा आरसा काढला. टेबल आबांनीच लग्नात दिलेलं. एका रविवारी नवऱ्याने शिडी धरली आणि आरसा संडासावर चढला. घरावरून येणारं ऊन त्यावर पडून खाली थेट लोखंडी खुर्चीवर उतरलं. सासऱ्यांचा चेहरा असा काही खुलला की मला क्षणभर खरंच वाटलं, आता आबा जेवतील. स्वतःच्याच थापेवर माझा विश्वास बसायला लागला होता.

आबा आले. खुर्चीवर बसले आणि दचकले. "हितं ऊन कुठनं आलं?"

सासऱ्यांनी वर बोट दाखवलं. आबांनी संडासावरचा आरसा पाहिला, तो कुठला ते ओळखलं, आणि टोपी कपाळावर ओढून घेतली. अडचण एवढीच होती की सूर्य सरकत होता आणि त्याच्याबरोबर तो उन्हाचा चौकोनही. सासरे दर थोड्या वेळाने सूचना द्यायचे, "व्याही, जरा डावीकडे." आबा मुकाट्याने खुर्ची उचलायचे. पाहुण्याचा मान ठेवायचा म्हणजे काय करायचं, हे त्यांच्याकडून शिकावं. सरकत सरकत ते तुळशीपासून धुण्याच्या दगडापर्यंत गेले. शेवटी तो चौकोन भिंत ओलांडून काकूंच्या स्वयंपाकघरात शिरला. काकूंना अबोला सोडावा लागला. "आमच्या डोळ्यांवर मारताय ते ऊन आवरा!"

त्या दिवशी शेगडीतला कोळसाही सुका होता. पोती होती, शेगडी होती, आरसा होता. आबांनी आधी घोंगडी काढली, मग कोपरीची बटणं सोडली. कानामागून घामाची धार लागली. मी आत त्यांच्याच शेतातल्या मटारची उसळ केली होती, बाजरीच्या भाकरी टाकल्या होत्या. ताट वाढून बाहेर आणलं आणि स्टुलावर ठेवलं. गारठ्याची सबब मी स्वतः दिली होती आणि ती आता माझ्याच डोळ्यांदेखत वितळून गेली होती.

आबांनी ताटाकडे पाहिलं. मटार ओळखले असणार. मग माझ्याकडे पाहिलं आणि उठले.

"लई उकडतंय हितं," ते म्हणाले. "निघतो."

मला रडूच आलं. मी ते लपवलंही नाही. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. सासरे शिडीजवळ होते. आता ते मांडव घालायला निघणार, असं मला वाटलं. पण ते आले, दुसरी खुर्ची ओढली आणि आबांच्या समोर बसले.

"व्याही, घामाघूम झालेला माणूस थंडीमुळे उठत नाही, एवढं गणित मला येतं," ते म्हणाले. "रीत काय आहे ते हिच्या सासूने मला आज सांगितलं. आधी सांगितलं असतं तर आरसा तरी टेबलावरच राहिला असता. पण रीत लेकीच्या घराची आहे ना?"

आबांनी मान डोलावली.

"मग हे लेकीचं घर नाही. हे माझं घर आहे, माझ्या नावावर आहे. वीट न् वीट माझी. तुमच्या मुलीची यात एक खुंटीसुद्धा नाही. मी आपल्याला माझ्या घरी जेवायला बोलावतोय. बसा."

सुनेच्या तोंडावर एवढं कुणी बोललं असतं तर मी आयुष्यभर विसरले नसते. हेही विसरले नाही. आबांनी खुर्ची पुन्हा सावलीत ओढली, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि भाकरी मोडली.

"मटार चांगलं हायती," ते सासऱ्यांना म्हणाले.

"हो, यार्डातले आहेत," सासरे म्हणाले.

त्यानंतर दर हिवाळ्यात आबा आमच्याकडे जेवले. दर वेळी सासरे बाहेर येऊन रीतसर म्हणायचे, "माझ्या घरी जेवून जा," आणि मगच मी वाढायची. पुढे पुढे ते झोपेतून उठून आल्यासारखं पुटपुटायचे, पण म्हणायचे. मला मूल झालं नाही. ते होणार नाही हे एकदाचं कळल्यावर घरात सगळे उलट मोकळे झाले.

सासूबाई गेल्या आणि काही वर्षांनी सासरे गेले. घर आमच्या दोघांच्या नावावर झालं. तोवर वाघोलीची जमीनही विकली गेली होती. त्या हिवाळ्यात आबा बसने आले, नुसते मला भेटायला. पायाला माती नव्हती, तरी बोळातूनच आले. मी भाकऱ्या टाकल्या, ताट वाढून त्यांच्यापुढे नेऊन ठेवलं आणि शेजारी बसले.

आबांनी ताटाला हात जोडले आणि ते हळूच माझ्याकडे सरकवलं.

"पाव्हणं व्हतं तवर त्यांचं घर व्हतं," ते म्हणाले. "आता तुझं झालं, बाई."

"आबा, आता कुठून आणू मी मूल?" मी म्हटलं.

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "च्या टाक जरा."

मी ताट उचललं आणि माझ्या घरात गेले.