हार घातलेला मासा

माझ्या सासरी ओटीवर देवांच्या तसबिरींच्या रांगेत एका माशाची तसबीर होती. थट्टा करत नाही. एका बाजूला हेदवीचा दशभुजा गणपती, दुसऱ्या बाजूला शेषावर निजलेला विष्णू, आणि मधोमध काचेच्या चौकटीत हा मासा. धडापेक्षा डोकं मोठं, तोंड आ वासलेलं, अंगावर खवलं नाहीत, आणि हनुवटीखाली लोंबणारी एक मिशी. सर्वपित्रीला त्याला झेंडूचा हार पडायचा. एरवी माशावर ताव मारणारं घर, आणि त्या दिवशी माशापुढे हात जोडून उभं. नवा पाहुणा आधी हसायचा. मग कोणीतरी त्याला बाजूला घेऊन सांगायचं, की या घरच्या थोरल्या मुलाचं नाव विलायतेच्या साहेबाने या माशाला दिलंय. मग तोही हात जोडायचा.

तो थोरला मुलगा म्हणजे माझा नवरा.

त्यांचं नाव मी इथेही लिहिणार नाही. जन्मात एकदा घेतलं, लग्नात, तेही बायकांनी दार अडवून धरलं म्हणून. पुढे साऱ्या विलायतेने ते नाव घेतलं, माशाच्या पोटात चिठ्ठी घालून बाटलीत ठेवलं, पण मी नाही घेतलं. रीत म्हणजे रीत. निदान मी तरी ती पाळली.

माझं माहेर मुरुडचं. तिथे मुलींनी शिकावं हे वारं लवकर आलं होतं, म्हणून चार बुकं शिकले. सासर रत्नागिरीला खाडीकाठी. मामंजी, म्हणजे माझे सासरे, गलबतावर तांडेल, खलाशांचे म्होरके होते. हे बोटीवर खलाशी. वीस सालानंतरची ती वर्षं. गलबतांचे दिवस संपत आले होते आणि ज्याच्या हातापायांत जोर तो आगबोटीवर जात होता. हे गेले ते मालाच्या बोटीवर, आफ्रिकेच्या पार टोकाच्या बंदरात. तिथे एक साहेबांची बोट उभी होती, दक्षिणेच्या बर्फाच्या समुद्रात मासे शोधायला निघालेली. खायला नव्हेत, नावं ठेवायला. त्यांची काही माणसं आजारी पडली म्हणून यांच्या बोटीवरून दोघं उसने मागून घेतले. एक हे, आणि दुसरा दाभोळकडचा एक मुसलमान खलाशी. उसना नेलेला पाटा-वरवंटासुद्धा शेजारी परत आणून देतात हो.

परत आला तो दाभोळवाला. एकटा. ओटीच्या पायरीवर बसला, पाणीसुद्धा घेईना. त्याने सांगितलं ते असं. तिथे पाण्यावर पांढरे डोंगर तरंगतात. जाळं सोडलं की दोर संपता संपत नाही, आणि वर येतं तेव्हा त्यात असले मासे, की बाजारात फुकट दिले तरी कोणी उचलणार नाही. हे जाळ्यातून मासे हाताने सोडवून साहेबाला द्यायचे, साहेब खूश. एक दिवस जाळ्याची खूण म्हणून सोडलेलं पिंप वाहून गेलं, ते आणायला लहान होडी पाठवली. होडीत हे आणि आणखी दोघं गोरे. धुकं आलं. धुकं गेलं तेव्हा होडी नव्हती. बोट तिथे भोंगे वाजवत थांबली, मग बर्फ जवळ यायला लागलं म्हणून निघाली.

"भाबी, मी मेलेला बगितला नाय," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? त्या बाजूला देवमाशे मारनाऱ्यांच्या बोटी फिरतात. कोनी उचलला पन असंल."

कंपनीचा कागद आला त्यातही 'बेपत्ता' एवढंच होतं. मेला असं कोणी म्हटलं नव्हतं. मी कुंकू लावत होते, बांगड्या भरत होते, वडाला सूत गुंडाळत होते. शेजारणी बघायच्या. बघेनात का. भटजींनीच सांगितलं होतं, बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. बारा वर्षं म्हणजे काही कमी नाहीत. बारा वर्षांत माणूस चालत येईल. माझ्या जिवात जीव होता तो त्या बारा वर्षांवर.

घरात मात्र घाई सुटली होती. धाकट्या भावोजींचं लग्न ठरत होतं, आणि मुलीचा बाप अडून बसला. म्हणे, तुमच्या थोरल्याचं काय ते आधी ठरवा. उद्या मांडवात सुतक आलं तर माझ्या पोरीने काय करायचं? मामंजी रात्रंदिवस तेच घोळवत होते. जिवंत मुलाचं कार्य मेल्या मुलाने अडवलं, असं एकदा बोलूनही गेले. मेल्या मुलाने. मी तिथेच भात वाढत होते.

आणि अशा वेळी ते चोपडं आलं. साहेबाने प्रेमाने पाठवलं होतं, कंपनीमार्फत. छान गुळगुळीत कागद, आत माशाचं चित्र. इंग्रजी कोणाला येतंय? मामंजी ते घेऊन हायस्कुलातल्या सायन्सच्या मास्तरांकडे गेले आणि मास्तर हरखून स्वतःच ओटीवर आले. भला माणूस. भल्या माणसांनीच माझं जास्त वाटोळं केलं.

मास्तरांनी समजावलं. माशाची दोन नावं असतात. पहिलं कुळाचं, दुसरं त्याचं स्वतःचं; आपल्यासारखंच, फक्त आडनाव आधी. नवा मासा सापडला की त्याचे पंखांचे काटे मोजतात, दात बघतात, डोक्याची हाडं बघतात, आणि आधीच्या कुठल्याच माशाशी जुळला नाही तरच नवं नाव. हा नवा कशावरून, तर हनुवटीखालच्या मिशीवरून. या कुळातल्या कोणाची मिशी इतकी लांब आणि टोकाला अशी फुगीर नाही. नाव राजाचं देतात, कप्तानाचं देतात, पैसे देणाऱ्या शेठजीचं देतात. "खलाशाचं नाव मी तरी पहिल्यांदा बघतोय. फार मोठा मान आहे," मास्तर म्हणाले. मग बोट ठेवून शेवटची ओळ वाचली. ज्याने हा मासा जाळ्यातून सोडवला, त्या मृत खलाशाच्या स्मरणार्थ.

मृत. कंपनी म्हणत नव्हती, बरोबर असलेला माणूस म्हणत नव्हता. मासे मोजणाऱ्याने म्हटलं.

मी दाराआडून विचारलं, "साहेबांना कोणी सांगितलं ते गेले म्हणून?"

मास्तर गोंधळले. म्हणाले, "बाई, साहेब मासे ओळखतात. माणसाचं त्यांनी ऐकलंच असेल कोणाकडून."

"ऐकलंच असेल." माशाच्या मिशीचं टोक भिंगातून बघणाऱ्याने माझ्या नवऱ्याचं मरण ऐकलेल्यावर भागवलं. पण मामंजींनी ऐकायचं ते ऐकलं होतं. "आता काय ऱ्हायला?" ते म्हणाले. "सायबान छापून दिलान." आणि भटजीही लगेच वळले. म्हणे, बारा वर्षं ज्याची काही वार्ताच नसेल त्याच्यासाठी. इथे वार्ता आली, तीही छापील. वारा येईल तशी पाठ द्यावी, यात आमच्या भटजींचा हात धरणारा कोणी नव्हता.

पळसाच्या पानांचा पुतळा खाडीवर जाळला. पानं ओली होती, धूरच फार झाला. घरी माझ्या बांगड्या फोडल्या. सासूबाई रडत होत्या, खोटं नाही सांगत. पण रडता रडता त्यांनीच माझं कपाळ पुसलं. मी भटजींना विचारलं, "आणि ते परत आले तर?" ते समजूत घालण्याच्या सुरात म्हणाले, "शास्त्रात सोय आहे. पुन्हा जन्म झाला असं धरायचं. बारसं करायचं, नाव ठेवायचं, आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं." ते मी पदराला गाठ मारावी तसं ठेवून दिलं.

भावोजींचं लग्न त्याच वैशाखात झालं. माझं मंगळसूत्र सोनाराकडे आटवलं आणि जाऊबाईच्या गळ्यात नवं आलं. सोन्याला विटाळ नसतो, सासूबाई म्हणाल्या. विटाळ मला होता. मी मागल्या पडवीत बसून लग्नाच्या पंगतीचे नारळ खवले.

त्या घरात मी फार दिवस काढले नाहीत. माहेरच्यांनी पुण्याला ट्रेनिंगला घातलं आणि मास्तरीण होऊन मी रत्नागिरीतच मुलींच्या शाळेत आले. खोटं कशाला, पोटाला मिळालं, चार माणसांत मान मिळाला. सगळे 'बाई' म्हणायला लागले. सणावारी सासरी जायचे, ओटीवर त्या माशाखाली बसायचे. मामंजी येईल-जाईल त्याला चित्र दाखवायचे. मुलगा गेला त्याचं दुःख कमी आणि नाव झालं त्याचा तोरा जास्त. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

जाऊबाईला पहिला मुलगा झाला तेव्हा भावोजींच्या मनात होतं, थोरल्या भावाचं नाव ठेवावं. आमच्याकडे तशी चाल आहे, गेलेल्याचं नाव घरात परत आणतात. सासूबाईंनी मोडता घातला. माशाला दिलेलं नाव पोराला द्यायचं? पोरं शाळेत चिडवतील, आणि मासा तो, कोणी ना कोणी खायचाच. मला मनातून बरं वाटलं. ते नाव वापरायला काढलं नाही तोवर त्याचा धनी कुठेतरी आहे, असा माझा आपला हिशेब.

मग काही वर्षांनी एका दुपारी शाळा सुटताना सायन्सचे मास्तर फाटकाशी उभे दिसले. छत्री या हातातून त्या हातात. मला वाटलं, यांचं पत्र आलं. त्या एका क्षणात मी काय काय बघितलं ते सांगत नाही.

"बाई, तुम्हांला सांगावं की नाही कळत नाही," ते म्हणाले. "तो आपला मासा. तो नवा नव्हता."

दुसरी एक बोट त्या समुद्रात गेली होती, तिने त्या कुळातले पुष्कळ मासे आणले, लहान-मोठे, नर-माद्या. शेजारी शेजारी ठेवून बघितले तेव्हा कळलं की मिशी सगळ्यांची सारखी नसते. त्याच माशाची लहानपणी आखूड, मोठेपणी लांब, कोणाची टोकाला फुगीर, कोणाची नाही. म्हणजे आमचा मासा आधीच नाव ठेवलेला जुनाच मासा. आणि नियम असा, की एका माशाला दोन नावं पडली तर जे आधीचं तेच खरं. नंतरचं रद्द.

मला समजायला वेळ लागला नाही. आमचा सरंगा मुंबईच्या बाजारात गेला की पापलेट होतो, म्हणून मासे काही दोन होत नाहीत.

"म्हणजे यांचं नाव काढून टाकलं?"

"अगदीच काढत नाहीत. चुकीची नावं खाली बारीक अक्षरात देतात."

"आणि स्मरणार्थ लिहिलं होतं ते?"

मीच म्हटलं, "मास्तर, साहेबांना मिशीची चूक सापडली. दुरुस्तही केली. बरं झालं. माझं कपाळ त्याच मिशीवरून पुसलं होतं." ते छत्रीकडे बघत राहिले. त्यांचा काय दोष? पण मला त्या दिवशी कोणाला दोष द्यायचा आणि कोणाला नाही हे निवडत बसायचं नव्हतं.

मी तशीच सासरी गेले. वाटेत ठरवलं होतं, आज बोलायचं. तुमच्या साहेबाला मासा ओळखता आला नाही, त्याला माझ्या नवऱ्याचं मरण काय ओळखता येणार? बारा वर्षं अजून भरली नाहीत. मला माझं कुंकू परत द्या. लोक हसोत, वाळीत टाकोत.

मामंजी ओटीवर होते, आता थकलेले. जाऊबाई आत बाळंतीण, दुसरा मुलगा झालेला. मी आधी माशाचं सगळं सांगितलं, मिशीपासून. त्यांनी मान वर करून तसबिरीकडे बघितलं. मला वाटलं म्हातारा आता रडतो. इतकी वर्षं मिरवलेलं नाव गेलं, निदान त्यासाठी तरी रडेल.

"म्हंजे नाव सुटला," ते म्हणाले. "आता माशाचा नाय ना ता?"

"नाही."

त्यांनी आत वळून हाक मारली. "अगो, आयकलंस? नाव मोकळा झाला. आता पोराला ठेवूया."

आतून सासूबाईंचा आवाज आला, देव पावला म्हणून. मी जे बोलायला आले होते ते तोंडातच राहिलं. बोलले असते तरी कोणाला ऐकू गेलं असतं?

बाराव्या दिवशी बारसं. विधवेने पाळण्याशी जाऊ नये, म्हणून मी मागल्या पडवीत घुगऱ्या शिजवत होते. घरात बायकांनी पाळण्याभोवती गर्दी केली, बाळाच्या कानात कुर्र केलं, आणि मग सगळ्यांनी मिळून ते नाव मोठ्याने घेतलं. जे मी जन्मात एकदा घेतलं ते त्यांनी हसत हसत पुन्हा पुन्हा घेतलं. माशाची तसबीर त्याच दिवशी उतरवून माळ्यावर टाकली. पोर चांगलं आहे, माझ्या अंगाखांद्यावर खेळतं. मी त्याला बाळ म्हणते. नावाने हाक मारता येत नाही मला.

भटजी म्हणाले होते, ते परत आलेच तर त्यांचं बारसं पुन्हा करावं लागेल. आता आले तर दुसरं नाव शोधावं लागेल. त्यांचं होतं ते घरात देऊन टाकलंय.