मागच्या सीटवरचं बोलणं

मी चौथी शिकलो. पाचवीच्या वर्गात आठ दिवस बसलो आणि उठलो तो पुन्हा काही बसलो नाही. गुरुजींचा आणि माझा वाद झाला होता आणि माझं म्हणणं अजून सोडलेलं नाही. तर लिहिण्यात चूक भूल होईल. गाडी चालवण्यात मात्र माझी चूक काढणारा साताऱ्यात तरी मला भेटला नाही.

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत मी साहेबांच्या गाडीवर होतो. आमचा दुसरा कारखाना सांगलीला. त्यामुळे सातारा, उंब्रज, कराड, पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा, सांगली हा रस्ता माझ्या तळपायाला पाठ. आठवड्यातून तीनदा तरी जायचंच. साखर कारखान्यांचं गळीत सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगायचं आणि वाटेत उंब्रजला चहा. साहेब बदलले, मालकांची दुसरी पिढी आली, मी तिथंच.

माझी डिझेलची गाडी होती. सकाळी चावी निम्मी फिरवायची, तो पिवळा दिवा विझेपर्यंत दम धरायचा आणि मग पुढं फिरवायची. दम न धरणाऱ्याला ती दाद देत नसे. तिसऱ्या गिअरला कुंथायची. चौथ्याला सुटली की गाणं म्हटल्यासारखी चालायची. पहाटेची ट्रिप असली की मी गाडी घरीच न्यायचो. हायवे सोडून गावाकडं वळलो की आमच्या मंडळींना ओढ्याच्या पुलावरनं आवाज कळायचा. मी दारात येईतो तव्यावर भाकरी पडलेली असायची. अंगाला डिझेलचा वास, कपडे वेगळे धुवायला लागतात म्हणून ती कावायची. पण ती माहेरी असताना एकदा म्हणाली होती, तो वास नसला की झोप लागत नाही. हे मी लिहिलंय ते तिला सांगू नका.

ज्यांच्या हाताखाली मी गाडी शिकलो ते म्हातारे ड्रायव्हर होते. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "हे बग, डोळं पुढं ठिवायचं आनि कान घरी ठिवून यायचं. मागं साहेब काय बोलत्यात ते ज्यानं ऐकलं त्यो ड्रायव्हर न्हवं, चहाडखोर." मी ते पाळलं. साहेबलोक मागं बसून काय काय बोलले असतील. कुणाला काढायचं, कुणाला चढवायचं, घरातली भांडणं. थोरले मालक एकदा आष्ट्यापासून कराडपर्यंत डोळे पुसत आले. मला आरशात तोंडं हलताना दिसायची, आवाज इंजिनाचा. कारखान्यातली माणसं मला खोदून विचारायची, "काय म्हनत हुतं साहेब?" मी म्हणायचो, "रस्ता खराब हाय म्हनत हुतं." माझ्या इमानाचा मला लय अभिमान होता.

मग कंपनीनं सगळ्या गाड्या विजेच्या करायच्या ठरवल्या. जिथं आमचं डिझेलचं पिंप असायचं आणि शेजारी आम्हा ड्रायव्हर लोकांचं बाकडं, तिथं चार खांब उभे राहिले आणि त्यांना जाड वायरी लोंबायला लागल्या. माझी गाडी एका व्यापाऱ्यानं नेली. मी त्या दिवशी रजा टाकली. कारण विचारलं तेव्हा पोट दुखतंय म्हणालो.

आमचे ट्रान्सपोर्टचे साहेब, त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की ज्याला ही गाडी जमणार नाही त्याला काढणार नाही, गेटवर घेऊ. त्यांना वाटलं, आम्हाला बरं वाटेल. गेटवर म्हणजे स्टुलावर बसून येणाऱ्या गाड्यांना दांडी वर करायची. ज्या गाड्या मी चालवल्या त्यांनाच! माझे चौदा महिने राहिले होते. मी मनाशी ठरवलं, रिटायर होईन तो स्टेअरिंगवरनं उतरून, स्टुलावरनं उठून नाही.

एवढं ठरवलं होतं तर शिकायला पाहिजे होतं. पण मी ट्रेनिंगला गेलो, सही केली आणि मधल्या सुट्टीत उठून आलो. त्याचं खरं कारण कुणाला सांगितलं नव्हतं. गाडीत समोर टीव्हीएवढा पडदा आणि सगळं इंग्रजीत. शिकवणारा म्हणायचा, "हे वाचा, इथं काय लिहिलंय?" माझ्यावर पाळी यायच्या आत मी उठलो आणि बाहेर सांगितलं की मला कुणी गाडी शिकवायची गरज नाही.

पहिल्या दिवशी तर मजाच झाली. बटण दाबलं, काही आवाज नाही. परत दाबलं. परत दाबलं. दहा-बारा वेळा दाबलं असेल. शेवटी आमचा फौजी आला. तो आमच्यातलाच ड्रायव्हर, मिलिटरीतून रिटायर होऊन आलेला, माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान. काच ठोकून म्हणाला, "आबा, काय करतायसा? ती चालू हुतीया, तुमी बंद करतायसा. चालू हुतीया, बंद करतायसा. तिलाच कळंना झालंय."

"आवाज कुठं करतीया रं?"

"आवाज करत न्हाई तीच चालू हाय."

"मग मेलेली आनि जित्ती सारखीच म्हनायची."

गावात गेलो तर रस्त्यातलं कुत्रं उठेना, म्हशी बाजूला होईनात. मंडळी चुलीपाशी पाठमोरी होती, मी दारात खाकरलो तर हातातलं उलथनं टाकून ओरडली. चहा नाही, काही नाही. म्हणाली, "चोरावानी येतायसा."

गाडी चार्जिंगला लावायचं काम फौजी माझ्यासाठी करायचा. पेट्रोलपंपावर असते तशी बंदूक, ती गाडीच्या पोटात खुपसायची. मी सुपारी चघळत उभा राहायचो, जणू ते माझ्या हुद्द्याचं काम नव्हे. सांगलीला तिथला इलेक्ट्रिशियन लावायचा. असे दोन महिने गेले.

दिवाळीच्या थोडं आधी सांगलीची ट्रिप निघाली. मागं ट्रान्सपोर्टचे साहेब आणि कामगारांचं बघणाऱ्या मॅडम. कराडपर्यंत दोघं आपापल्या फोनवर होते. पेठ नाक्याला हायवे सोडला आणि इस्लामपूरच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या लागल्या. गाडी रांगायला लागली. आणि साहेब बोलायला लागले.

"मामांचं काय करायचं, मॅडम?"

ड्रायव्हर लोक मला आबा म्हणतात, पण साहेबलोकांत मी मामा. मी आरशात बघितलं. साहेब माझ्याकडं बघत नव्हते, बाहेर बघत होते. माझं बोलावणं नव्हतं ते.

"का, काय झालं?" मॅडम म्हणाल्या.

"माणूस सोन्यासारखा आहे. पण ही गाडी त्यांना नाही झेपत. चार्जिंगला स्वतः लावत नाहीत, तो फौजी लावतो. ट्रेनिंगमधून उठून गेले. मला वाटतं पडदा वाचताच येत नाही त्यांना. कधी रस्त्यात अडकले म्हणजे?"

"मग गेटवर घ्या."

"दिवाळीनंतर घेऊ. पण सांगणार कोण? तुम्ही सांगा. माझ्या वरातीला गाडीवर हेच होते हो. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

हे सगळं चांगल्या मोठ्या आवाजात. वर्षानुवर्षं जसं बोलत आले तसं. ड्रायव्हर पुढं बसलाय, मध्ये इंजिनाची भिंत आहे, अशा भरवशावर. आणि भिंत तर व्यापारी घेऊन गेला होता.

पुढं ट्रॉली होती, तिच्या मागच्या उसाच्या शेंड्यांकडं बघत राहिलो. गेटवर जायचं याचं दुःख झालंच. पण दुसरंच काहीतरी जास्त बोचलं. मला वाटायचं मी कान बंद ठेवतो. कसलं काय! इतकी वर्षं माझे कान त्या इंजिनानं झाकून धरले होते. ज्याला मी माझं इमान म्हणत होतो त्यातला निम्मा वाटा त्या जुन्या गाडीचा होता. आज ती नव्हती तर मी शब्द न् शब्द ऐकला, आणि खरं सांगतो, अजून काय बोलतात म्हणून मान जरा मागं सुद्धा केली.

सांगलीला ते दोघं आत गेले. मी डबा उघडला, तसाच बंद केला. माझ्यापुढं वाटा होत्या. साहेबांचे पाय धरायचे, ते जमणारं नव्हतं. युनियनवाल्यांना सांगायचं, तर "तुला कसं कळलं?" म्हणतील. म्हणजे ऐकलेलं बाहेर नेलं, असं होणार. ते तर त्याहून जमणारं नव्हतं. बसल्या बसल्या बघितलं तर इलेक्ट्रिशियन जेवायला गेलेला आणि गाडी तशीच उभी. मी फौजीला फोन लावला.

"ती बंदूक कशी लावायची, सांग."

"आबा? सूर्य कुठनं उगवलाय आज?"

"सांगतोस का ठिवू?"

"रोज डोळ्याम्होरं लावतोय की गड्या मी! बरं, ऐका. पयलं गाडी बंद करा. झाकान दाबा, आपुआप उघडतंय. मग सरळ घाला, वाकडं न्हाई. खट्ट वाजलं पायजे. हिरवा दिवा लुकलुकला की झालं."

पहिल्यांदा वाजलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. माझ्या लक्षात आलं की मी ती जपून घालतोय, पाहुण्याच्या घरी पाट सरकवावा तशी. तिसऱ्यांदा रेटली. खट्ट झालं. हिरवा दिवा लुकलुकायला लागला. शेजारी कुणी नव्हतं, तरी मी इकडंतिकडं बघितलं. मग दोन तास पडद्यासमोर बसून राहिलो. अक्षरं कळत नव्हती, पण आकडे तर मला येत होते! चाळीस झाले, पन्नास झाले. आकडा वाढेल तसं माझं डोकं शांत झालं. मग डबा खाल्ला.

परतीला आष्टा सोडल्यावर साहेब पुन्हा बोलायला लागले. आता विषय दुसऱ्याच माणसाचा होता. वरच्या एका साहेबांच्या घरातला, नाजूक. काय ते मी लिहिणार नाही. पहिलं वाक्य कानावर पडलं आणि मी गाडी उसाच्या कडेला घेऊन थांबवली.

"काय झालं मामा? पंक्चर?"

मी वळून बसलो. ड्रायव्हरनं असं वळून बसू नये, पण बसलो. "न्हाई साहेब. एक सांगायचं हाय. ह्या गाडीत पुढं ऐकू येतं."

"म्हणजे?"

"डिझेलला येत नव्हतं. हिला समदं येतं. तुमी जुन्या सवयीनं बोलतायसा. म्हनून सांगितलं. आता तुमचं तुमी ठरवा."

साहेबांचा चेहरा उतरला. मॅडम हळूच म्हणाल्या, "सकाळी पण येत होतं?"

"व्हय. सकाळी बी."

एक ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून गेला.

"मामा, ते मी..." साहेब म्हणाले.

"त्याचं मला काय बोलायचं न्हाई, साहेब. ते तुमचं काम."

मॅडमनी मात्र सरळ विचारलं. सरळ विचारणारं माणूस मला आवडतं. "मामा, पडदा वाचता येतो का तुम्हाला?"

इतकी वर्षं हा प्रश्न मी कुणाला तोंडावर येऊ दिला नव्हता. लायसनच्या ऑफिसात नाही, बँकेत नाही. पण मीच गाडी थांबवली होती. पळून कुठं जाणार? म्हणालो, "इंग्रजी न्हाई येत. मराठी येतं, सावकाश. आकडं येत्यात."

"मग आत्ता किती आहे?"

"शंभरातलं बहात्तर. हितनं घरला जाताना साठाच्या आतबाहेर लागतंय. वर जायाला चढ हाय, म्हनून थोडं जादा ठिवलंय. साताऱ्यात गेल्यावर बी उरंल."

"चार्जिंगला कुणी लावली होती?"

"मी."

मॅडमनी साहेबांकडं बघितलं. साहेब म्हणाले, "चला मामा, उशीर होतोय." मी गाडी रस्त्यावर घेतली. साताऱ्याला गेटात शिरलो तेव्हा आकडा बारा होता.

दिवाळी झाली. मला गेटवर कुणी बोलावलं नाही. मॅडमनी निरोप धाडला की ट्रेनिंग परत आहे, यावेळी उठायचं नाही. मी पुढच्या बाकावर बसलो. शिकवणाऱ्याला सुरुवातीलाच सांगितलं की मला अक्षरं विचारू नका, खुणा सांगा. फौजी मागनं म्हणाला, "आबा, आमाला बी त्या अक्षरातलं निम्मं कळत न्हाई, पण तुमच्यासारखं बोलायचं धाडस न्हवतं."

राहिलेले महिने मी गाडीवर काढले. पण एक झालं. माझी गोष्ट हळूहळू ऑफिसात पसरली आणि साहेबलोक माझ्या गाडीत बसले की इंग्रजीत बोलायला लागले. माझं काही म्हणणं नव्हतं. मीच तशी सोय करून दिली होती. तरी कधी कधी त्या डिझेलच्या गाडीची आठवण यायची. तिच्यात मला काहीच ऐकू यायचं नाही, पण मागं बसलेली माणसं माझ्या भाषेत बोलत असायची आणि माझ्या भरवशावर मोकळी व्हायची. आता शब्द न् शब्द कानावर पडत होता आणि मी परक्या मुलखातून गाडी नेत असल्यासारखं वाटायचं.

शेवटच्या महिन्यात सांगलीहून येताना साहेबांबरोबर नवीन आलेले एक साहेब होते. दोघांचं इंग्रजीत चाललं होतं. कराडच्या अलीकडं साहेब मध्येच थांबले आणि चांगल्या खणखणीत मराठीत म्हणाले, "आमचे मामा या महिन्यात रिटायर होणार. असा ड्रायव्हर परत नाही मिळायचा." आणि मग पुढं बरंच काय काय बोलले, सगळं मराठीत.

मी मागं बघितलं नाही. डोळे रस्त्यावर ठेवले. पण तेवढा वेळ गाडी जरा सावकाश घेतली, खोटं कशाला सांगू.