वहिनीचा कोरडा खांब

अन्याय माझ्या वहिनीवर झाला. नवरात्राच्या पाचव्या माळेला, संध्याकाळची आरती संपून प्रसाद वाटायला नुकती सुरुवात झाली होती, तेव्हा. वेळ मुद्दाम सांगते आहे, कारण नंतर आमच्या चौकात जो तो म्हणू लागला की असं कुणी काही बोललंच नाही. बोललं गेलं, आणि माईकवर बोललं गेलं. आमच्या दुर्गोत्सव मंडळाचा निवेदक दुसऱ्या दिवशीचे महिलांचे कार्यक्रम वाचून दाखवत होता. गरबा झाला, एकपात्री झाली, मग वहिनीनं नोंदवलेलं नाव आलं तसा तो थांबला, घसा साफ केला आणि म्हणाला, "आन् उद्या आपल्याच चौकातल्या एक वहिनी खांबावर नाचून दाखवणार हायेत. भाऊ लोकांनो, पाकीट घरी ठेवून या बाप्पा. नाहीतर तिथंच उधळून बसाल."

मांडव हसला. पुरुष हसले, बाया पदर तोंडाला लावून हसल्या. वहिनी प्रसादाच्या रांगेत उभी होती. तिनं शिऱ्याचा द्रोण पुढे केला, वाढणाऱ्याला म्हणाली, थोडा अजून द्या, पोरीले आवडते, आणि घरी निघाली. मी तिच्यामागे, कानशिलं तापलेली. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि एका संघटनेची पत्रकं लिहायची. चिडणं हे माझं रोजचं कामच होतं. वहिनी मात्र घर येईपर्यंत एवढंच बोलली की शिऱ्यात तूप हात राखून घातलंय.

आता ती नेमकं काय करायची ते सांगते, कारण हसणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते पाहिलेलंच नव्हतं. दादाची बदली नागपूरला असताना, धाकट्या लेकीच्या वेळच्या बाळंतपणानंतर वहिनीची कंबर धरली. डॉक्टरनं व्यायाम सांगितला. घराजवळच्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर बाया स्टीलच्या खांबावर चढून व्यायाम करायच्या, त्याला पोल डान्स म्हणायचे. ती कुतूहलानं बघायला गेली आणि दोन वर्षं तिथून हलली नाही. दादाची बदली परत यवतमाळला झाली तेव्हा तिनं स्वतःचा खांब आणला, दोन तुकड्यांत, चादरीत गुंडाळून, एसटीच्या टपावर. कंडक्टरनं विचारलं, बोअरचा पाइप आहे का. ती हो म्हणाली.

घरात ही गोष्ट कळली ती वेगळ्याच वाटेनं. वहिनीच्या मांड्यांवर, पोटऱ्यांवर निळे-काळे डाग असायचे. ती उन्हात केस वाळवत बसली असताना आईनं ते पाहिले. आईनं वहिनीला काही विचारलं नाही. दादाला मागच्या अंगणात नेलं आणि विचारलं, "तू हात उचलते काय रे तिच्यावर?" दादा रडकुंडीला आला. मग सगळं बाहेर पडलं. आई म्हणाली, मार खाऊन येतात तेच डाग हौसेनं कुणी कायले घेईल.

मलाही तेच वाटलं होतं. म्हणून एकदा बघायला गेले.

गावाबाहेर, बाभुळगाव रस्त्याला, बाबांच्या ओळखीच्या एका काकांचं जिनिंग होतं, कापसातली सरकी काढायचा कारखाना. त्या वर्षांत कपाशीवर बोंडअळी अशी पडली होती की बोंड उकललं तरी आत किडका, पिवळा कापूस. जिनिंगच्या फाटकाबाहेर लागणारी गाड्यांची रांग आटली आणि एक शेड नुसतीच उभी राहिली. छत उंच, वर भक्कम लोखंडी तुळई. काकांनी ती वहिनीला वापरायला दिली. कोपऱ्यात पडलेली डागी रुई तिनं पिंजाऱ्याकडून भरून घेतली, गुडघाभर जाड गादी केली आणि ती खांबाखाली टाकली. बाजारात ज्या कापसाला कुणी विचारत नव्हतं त्याच्यावर आमच्या गावातल्या बाया पडायला शिकल्या. वर्गात एक नर्स होती, एका किराणा दुकानदाराची सून, कॉलेजच्या काही मुली.

मी पाहिलं ते असं. वहिनीनं खांब दोन्ही हातांनी धरला आणि पावलं जमिनीवरून उचलली. उडी नाही, झटका नाही. जणू कुणी जमीनच खाली ओढून घेतली. नडगी आणि गुडघा खांबाला लावत ती तुळईपर्यंत गेली, तिथं मांडीच्या आतल्या बाजूनं खांब आवळला, आणि हात सोडले. दोन्ही. पाठ मागे झुकली, डोकं खाली आलं, वेणी लोंबली. बायको, सून, दोन लेकरांची आई, सकाळी आमच्यासाठी पोहे केलेली बाई, त्या शेडच्या टिनाखाली उलटी, हवेत, एका मांडीच्या कातडीवर. मला भीती वाटली, पण नुसती भीती नव्हती. माणसाच्या शरीरात एवढं असतं हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

तर, पाचव्या माळेचा तो विनोद. रात्रीतून तो फोनांवर फिरला. कापसाले भाव नाही, आता खांबाले भाव. यवतमाळात बार उघडला, सोबत देवीचा प्रसाद. सहाव्या माळेला सकाळी वर्गाला कुणी आलं नाही. नर्सचा निरोप आला की आमच्या ह्यांना पटत नाही. नऊच्या सुमारास जिनिंगवाले काका स्वतः आले, ओसरीवरही चढले नाहीत. लोकं बोलून राह्यले, म्हणाले, दसरा झाला की शेड रिकामी करा. संध्याकाळी लोकांची तोंडं बंद झाली तर पाहू.

म्हणजे आता संध्याकाळवर सगळं होतं. शेड गेली तर वर्ग गेला. एवढं उंच छत दुसरं कुठं होतं?

दुपारी मंडळाचे अध्यक्ष आले आणि सोबत व्यायामशाळेचे वस्ताद. या वस्तादांनी आमच्या भागातल्या तीन पिढ्यांना मलखांब शिकवला. भला माणूस. निवेदकाच्या वतीनं त्यांना लाज वाटत होती आणि ते तोडगा घेऊनच आले होते. संध्याकाळी मी स्वतः जाहीर करतो की हा मलखांब आहे, ते म्हणाले. आपली विद्या आहे, बायकांनी करावी अशी आहे. सुनबाईनं फक्त पूर्ण पायघोळ विजार घालावी, वर कुर्ता. कोणाची बिशाद आहे हसायची? बाबांनी सुटकेचा श्वास टाकला. माझ्या डोक्यात तर पत्रकाचं शीर्षकही तयार झालं, ही आपलीच परंपरा.

वहिनी चहाचे कप उचलत होती. ते तिनं परत खाली ठेवले.

"वस्ताद, कापड घातलं तर मी पडीन," ती म्हणाली. "कापड घसरते, कातडी धरते. शॉर्ट पँट मी दाखवाले नाही घालत. आन् हा मलखांब नाही. मलखांब तुमचा आहे, त्याचं नाव घेऊन मी चोरी नाही करणार. हा नाच आहे. कुठंतरी दारूच्या अड्ड्यात बायांनी पोटासाठी नाचून हा शोधला. त्यायले वाईट ठरवून मी चांगली होऊ काय?"

अध्यक्षांनी चपला शोधल्या. वस्ताद मात्र दारात थांबले, म्हणाले, नाव तू म्हणशील ते, पण खांब माझी पोरं उभा करून देतील, त्याची काळजी करू नको. माझं शीर्षक मी गिळलं. इतकी वर्षं पत्रकं लिहून मला हे सुचलं नव्हतं, आणि ती चहाचे कप उचलता उचलता बोलून गेली होती.

वस्तादांच्या पोट्ट्यांनी खरंच मनापासून काम केलं. खाली जाड लोखंडी पाट, वर मांडवाच्या पोलादी सांगाड्याला पक्की बांधणी. हलवून पाहिलं, लटकून पाहिलं. आणि मग त्यांनी रोज आखाड्यात करतात तेच केलं. खांबाला हात जोडले आणि वरपासून खालपर्यंत एरंडेल तेल चोळलं. लाकडी मलखांबाला तेल लावतात, हे त्यांच्या हातात लहानपणापासून बसलेलं. तेलाशिवाय खांबावर पाठवणं म्हणजे त्यांच्या लेखी पाहुण्याला फाटक्या चटईवर बसवणं. विचारायची गरजच कुणाला वाटली नाही.

संध्याकाळी मांडव गच्च. विनोदानं एवढी गर्दी जमवली होती. वहिनी शॉर्ट पँट आणि बिनबाह्यांचा टीशर्ट घालून आली तशी मागून शिट्टी आली. ती खांबाशी गेली, तळवा टेकवला आणि थांबली. तळवा नाकाशी नेला. मी मंचाच्या कडेलाच होते. माझ्याकडे बघून ती अगदी हळू म्हणाली, "बाई, तेल आहे."

तळवा टेकवून न पाहता ती तशीच वर गेली असती, उलटी झाली असती, हात सोडले असते, तर खाली गादीही नव्हती. टवाळांनी तिला नुसतं हसून घेतलं. तिची मान मोडायची वेळ आणली ती तिला सभ्य करायला निघालेल्यांनी, आणि तीही हात जोडून.

तिनं माझ्या ओढणीनं खांब पुसायला घेतला. एरंडेल ते, ओढणीला थोडंच दाद देणार. खालून कुणीतरी ओरडलं, "भांडे घासाले आणली काय बे हिले?" पुन्हा हशा. वस्तादांना काय झालं ते उमगलं आणि ते आपल्या पोरांकडे बघू लागले.

तेवढ्यात आई उठली. पहिल्या रांगेत बायका अखंड दिव्याच्या वाती वळत बसल्या होत्या. आईनं समोरची कापसाची परडी उचलली आणि मंचावर चढली. माझी आई, जी परक्या पुरुषांपुढे मोठ्यानं बोलतही नाही. तिनं मूठभर कापूस खांबाला लावला आणि खालपासून पुसायला लागली. मागच्या खुर्च्यांतून नर्स आली. मंडळाच्या प्रथमोपचार पेटीतली स्पिरिटची बाटली तिच्या हातात होती, आणि नवरा तिथंच, ओळीत बसलेला. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिघी पुसत होत्या. वरचा भाग पुसायला नर्स स्टुलावर चढली. हसू हळूहळू विरलं. तीन बायका काम करत असताना किती वेळ हसणार माणूस?

पुसून झाल्यावर वहिनीनं निवेदकाकडे हात केला. त्यानं माईक दिला. ती म्हणाली, "याले पोल डान्स म्हणतात. गाणं लावू नका."

मग जनरेटरची घरघर तेवढी राहिली. ती चढली. मधोमध थांबली, दोन हात खांबावर, आणि बाकी सगळं शरीर जमिनीला समांतर आडवं झालं, झेंडा वाऱ्यानं धरावा तसं, आणि तसंच राहिलं. माझ्या शेजारच्या म्हातारीनं श्वास आत घेतला तो बाहेर सोडलाच नाही. वर जाऊन तिनं मांडी आवळली, हात सोडले, उलटी झाली. देवीच्या मूर्तीवरच्या दिव्यांचा उजेड तिच्या घामावर पडला होता आणि मांडीवरचे निळे डाग सगळ्या गावाला दिसत होते. ती ते लपवत नव्हती. मग ती पडली. पडलीच, डोकं खाली, सरळ. बायांच्या तोंडून एकच आवाज निघाला. आणि पाटापासून वीतभर वर ती थांबली. मांडीनं. हात दोन्ही बाजूंना पसरलेले, चेहरा शांत, वेणीचं टोक पाटावर टेकलेलं.

मी देव मानत नाही, निदान पत्रकात तरी तसं लिहीत होते. पण त्या क्षणी माझे हात जोडले गेले आणि ते मूर्तीकडे नव्हते.

टाळ्या उशिरा आल्या, आणि आल्या त्या थांबेनात. निवेदकानं माईक परत घेऊन काहीतरी गमतीचं सुरू केलं तर वस्तादांनी उठून तो त्याच्या हातातून काढला आणि बटण बंद केलं. मग वहिनीजवळ जाऊन विचारलं, सुनबाई, मघा हात सोडले ते ओझं नेमकं कुठं घेतलं? ती दाखवू लागली आणि तो म्हातारा माणूस खाली वाकून बघू लागला. दुसऱ्या दिवशी वर्गाला नर्स आली, आणि दोन नव्या बायाही.

गोष्ट इथं संपवता आली असती. पण जिनिंगवाले काका पहिल्या रांगेत होते, टाळ्या वाजवणाऱ्यांत पुढे होते, वहिनीला म्हणाले, मानलं पोरी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस किल्ली मागायला आला. बाकी काही नाही म्हणे, लोकं बोलतात. निवेदकानं आजपर्यंत माफी मागितलेली नाही. वस्तादांनी व्यायामशाळा देऊ केली, पण तिचं छत पुरेसं उंच नाही. खांब आता आमच्या जिन्याखाली चादरीत आहे. वहिनी रोज सकाळी त्याच्यावरची धूळ पुसते.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हाला सांगते. तिला कौतुक नको, कौतुक त्या संध्याकाळी पुष्कळ झालं. तुमच्याकडे बंद गोदाम असेल, शेड असेल, समाजाचं सभागृह असेल, आणि वर भक्कम तुळई असेल, तर त्याची किल्ली तिला द्या. आणि लोक बोलायला लागले की परत मागू नका.