वैशाख टळेपर्यंत

आमच्या घरात टीव्ही आला तो पुढच्या खोलीत, आणि पुढची खोली पुरुषांची. आम्ही बायका माजघराच्या दाराला लावलेल्या पडद्याच्या फटीतून पाहायचो. मी उभ्यानेच पाहायचे, कारण चहाची हाक केव्हा येईल याचा नेम नसे. फटीतून अर्धाच टीव्ही दिसे. चेंडू डावीकडे गेला की माझ्यापुरता तो नाहीसा व्हायचा. मग बसलेल्या लोकांच्या तोंडाकडे पाहून ओळखायचं, तिकडे काय झालं ते.

तुमसरला सासऱ्यांची धानाची मिल होती. मी लाखनीकडच्या खेड्यातली, चौथी शिकलेली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी सासऱ्यांशी मी समोरासमोर बोलत नव्हते. आमच्यात तशी रीतच नव्हती. काही सांगायचं तर सासूबाईंना सांगायचं, नाहीतर पोरांना मध्ये घालायचं. त्यात मी मुळातच भिडस्त. तशी रीत असती तरी मी बोलले असते असं वाटत नाही.

माझी थोरली मुलगी त्या वर्षी नववीत होती. या घरातली कोणतीच मुलगी सातवीच्या पुढे गेली नव्हती. ती मॅट्रिक व्हावी एवढंच माझ्या मनात होतं. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं, तिलाही नाही.

धाकटे दीर नागपूरला व्यापाराचं शिकून आले होते. टीव्ही त्यांनीच आणला. हिवाळ्यात आपल्या देशात बाहेरदेशचे फुटबॉलचे संघ खेळायला येत, त्यांचे सामने दुपारी दाखवत. रविवारी मिल बंद असे. मग चार-पाच व्यापारी, दलाल आमच्याकडे येऊन बसत. त्यांना फुटबॉलचं काही नव्हतं. ते टीव्ही पाहायला येत. दीर मात्र त्यांना धंदा शिकवायला बसत.

"ते पांढरे शर्टवाले पाहा," ते म्हणायचे. "बॉलच्या मांगं पळून राहिले काय? नाही. जिथं कोणी नाही तिथं जाऊन उभे राहतात. याले म्हणतात मोकळा बाजार पकडणं. आपण सारे एकाच गावात जातो अन् एकमेकाचा भाव चढवतो. कायले? दिघोरीकडं जा ना, तिकडं आपल्यातला कोणीच जात नाही."

"दिघोरीवरून धान आणाले डिझेल कोण देईन, तुमचा रेफरी?" एक म्हातारा दलाल म्हणाला, आणि सगळे हसले. दीरही हसले. ते कधी रागवायचे नाहीत. गुळगुळीत बोलायचे. नाव घेऊन हाक मारायचे, माणसाला बरं वाटेल असं.

त्यांनी जाजमावर सुपाऱ्या मांडून खेळ समजावला, तो मी चहा ठेवताना पाहिला. चार सुपाऱ्या मागे, तीन मध्ये. "लहान संघ मोठ्या संघाशी ताकदीनं लढला तर मरते. त्यानं आपलं घर पहिले राखावं. मग समोरचा दमला की एकदाच पुढं जावं." मला ते पटकन समजलं. ज्याला खेळायचंच नाही त्याला खेळ बरा समजतो, असं मला वाटतं. एकच माणूस मला नीट दिसे, कारण तो माझ्या बाजूच्या अर्ध्या पडद्यात असे: गोलकीपर. त्याला चेंडूला हात लावायची परवानगी, पण आखलेल्या चौकटीत. बाकीचे सगळे मैदानभर.

त्या सुमारास हायवेवर लाखनीच्या अंगाला एक मोठी मिल उभी राहत होती. पैसा नागपूरचा. आमच्या मिलसमोर रस्त्यापलीकडे दुसरी मिल होती, तिच्याशी सासऱ्यांचं वीस वर्षांचं वाकडं. एकमेकांचे हमाल फोडणं, काट्यावर भांडण, सगळं करून झालेलं. आता दोघांनाही त्या नव्या मिलची धास्ती होती.

एका रविवारी सामना चालू असताना दीर म्हणाले, "बाबा, एक गोष्ट ध्यानात घ्या. समजा तीन संघ आहेत, अन् दोघेच पुढं जाणार. आता या दोघांची मॅच आहे. दोघं बरोबरीत सुटले तर दोघंही पुढं, अन् तिसरा घरी. मग हे लढतीन कायले? दोघं मिळून बॉल इकडून तिकडं फिरवतीन अन् हात मिळवून घरी जातीन."

"म्हणजे लबाडी," सासरे म्हणाले.

"लबाडी कायची? दोघाचंही भलं."

"अन् हात कसा मिळवावा त्या माणसाशी? माझ्या दारात पाय ठेवत नाही तो."

दीर सासऱ्यांकडे सरकले. "त्याचा मोठा पोरगा बावीसचा झाला. आपली मोठी पोरगी आहे. व्याही झाले की पाय ठेवतेच माणूस."

मी पडद्यामागे कपबशा घेऊन उभी होते. कोणीतरी "वा" म्हणालं. सासरे काही बोलले नाहीत, आणि ते बोलले नाहीत म्हणजे ठरलं, हे मला माहीत होतं. मी चहा आत परत नेला आणि पुन्हा गरम करायला ठेवला. तो गरमच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीचं पाणी काढताना नवऱ्याला विचारलं. ते मिलमधली यंत्रं सांभाळायचे, बापासमोर त्यांचाही आवाज नसे.

"पोरगी नववीतच आहे," मी म्हणाले.

"हो ना."

"मंग?"

"मंग काय? बाबांनी म्हटलं वैशाखात करू. चांगलं घर आहे, रस्ता ओलांडला का माहेर." त्यांनी डोक्यावर तांब्या ओतला. पुढचं बोलणं पाण्यात गेलं.

मुलीला सांगायचं धाडस मला झालं नाही. तिला घरातल्या कुजबुजीवरून कळलं. ती सासऱ्यांना आबा म्हणे. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आई, तू सांग ना आबाले." मी म्हणाले, "पाहू." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं तिला उत्तर आधीच माहीत होतं.

पुढच्या सामन्यात एका संघानं लवकरच गोल केला आणि नंतर खेळायचंच सोडलं. चेंडू मिळाला की मागे गोलकीपरला द्यायचा. तो हातात धरायचा, इकडे तिकडे पाहायचा, जवळच्याला द्यायचा, तो परत त्याला द्यायचा. समोरचे नुसते धावून दमले.

"हे चालते काय बे?" म्हातारा दलाल चिडून म्हणाला. "हे तं पोट्टे वेळ काढून राहिले!"

"नियमात बसते, काका," दीर म्हणाले. "पंच काही करू शकत नाही."

ते माझ्या डोक्यात बसलं. नियम आमच्याकडेही पुष्कळ होते. ज्येष्ठ महिन्यात थोरल्या अपत्याचं लग्न करत नाहीत, आणि माझी मुलगी थोरली. पुढे आषाढ, मग देव झोपतात. म्हणजे वैशाख टळला की दिवाळीनंतरपर्यंत कोणी काही करू शकत नव्हतं. तोवर ती दहावीत जाईल, अर्धं वर्ष होईल, मग परीक्षा झाल्यावर करू म्हणता येईल.

आणि आणखी एक रीत होती. आमच्यात मुलीचं साक्षगंध, म्हणजे कुंकू लावून लग्न पक्कं करायचा विधी, मामाकडच्या लुगड्याशिवाय होत नाही. ते लुगडं यायला लागतं. मी सासूबाईंना म्हणाले, "मामाकडून लुगडं आलं का मंग तारीख काढू." त्या म्हणाल्या, "हो, ते तं पायजेच." एवढं सोपं झालं की मलाच भीती वाटली.

भाऊ बाजाराच्या दिवशी तुमसरला यायचा. त्याला मी सांगितलं, "दादा, लुगडं सावकाश आण."

"काहून वो? पैशाचं आहे काय? तसं असन तं सांग, मी आजच घेतो."

"नाही. सावकाश आण."

त्याला कळलं नाही, पण तो ऐकणारा. चैत्र असा गेला. मग त्यानं हिरवं लुगडं आणलं. मी म्हणाले, काठ काळा आहे, शुभकार्याला चालत नाही. सासूबाईंनी उजेडात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "जांभळा दिसते मले." मी म्हणाले, "काळाच आहे." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या बोलण्यावर बोलले, तेही काठावरून. भाऊ लुगडं परत घेऊन गेला. जाताना दारात म्हणाला, "अवो बाई, तुले झालं तरी काय? दुकानदार मले येडा समजून राहिला." दुसरं आणायला त्याला उन्हाळी धानाची कापणी आडवी आली, ती खरीच होती. वैशाखातल्या चांगल्या तिथ्या एकेक करून गेल्या. पलीकडच्या मिलवाल्यांचा निरोप यायचा, आणि सासूबाई सांगायच्या, मामाचं लुगडं यायचं आहे.

एका दुपारी दीर पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले. एरवी ते आत येत नसत. पाणी पिऊन पेला खाली ठेवला नाही, हातातच फिरवत राहिले.

"वहिनी, वेळ काढून राहिल्या तुम्ही."

मी कणीक मळत होते. वर पाहिलं नाही.

"मी बाबांना सांगितलं नाही. सांगतही नाही. पण एक सांगू काय? वेळ काढणं त्याले परवडते ज्याच्या नावावर एक गोल आहे. तुमच्या नावावर काय आहे, वहिनी?"

त्यांनी ते वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं. ते खरोखर विचारत होते, जसे व्यापाऱ्यांना विचारायचे. पेला खाली ठेवून ते गेले. कणीक मी इतकी मळली की पोळ्या रबरासारख्या झाल्या आणि सासूबाई बोलल्या.

वैशाख टळला. अमावस्येच्या दिवशी मी एकटीच मनात हसले. दुसऱ्याच आठवड्यात भाऊ लाल लुगडं घेऊन आला, आता खोट काढायला जागा नव्हती. काढायची गरजही नव्हती असं मला वाटलं. लग्न ज्येष्ठात होत नाही, पण साक्षगंधाला काही आडकाठी नव्हती. पलीकडचे लोक रस्ता ओलांडून आले. सासरे आणि ते एका जाजमावर बसले, एकमेकांना पान दिलं. मुलीला कुंकू लावलं. लग्न माघात ठरलं. दीर सगळ्यांना पेढे वाटत होते.

जाताना त्या घरची बाई, मुलीची होणारी सासू, माजघरात आली. चांगली बाई होती, मला तिचा राग येत नाही. तिनं मुलीच्या हनुवटीला हात लावला आणि सासूबाईंना म्हणाली, "आता शाळेत नका पाठवू बरं. साक्षगंध झालेली पोरगी रस्त्यानं जाते, लोक पाहतात. आमचं दारही त्याच रस्त्यावर."

"छे, आता कायची शाळा," सासूबाई म्हणाल्या.

हा नियमही मला ठाऊक होता. लहानपणापासून पाहिलेला होता. सगळे मोजले आणि हाच मोजायचा राहिला. मी लग्न लांबवलं, पण वर्ष शाळेच्या बाजूला न पडता घराच्या बाजूला पडलं. तेव्हाच वैशाखात लग्न झालं असतं तर वेगळं काय झालं असतं, ते मी पुष्कळदा मनात घोळवून पाहिलं. काही वेगळं झालं नसतं. मी फक्त तिला माझ्याशेजारी आणून बसवलं होतं.

मुलगी मला एवढंच म्हणाली, "मंग थांबवलं कायले?"

जून सरता सरता शाळा उघडली. त्या सकाळी ती आंघोळ करून शाळेचा निळा झगा घालून आली. दोन वेण्या, रिबिनी. दप्तर घेतलं नव्हतं. स्वयंपाकघरात येऊन विळीवर बसली आणि दोडके चिरायला लागली. रस्त्यानं पोरी जात होत्या, त्यांचा आवाज खिडकीतून येत होता. ती मान वर न करता चिरत होती.

सासूबाई आल्या. "हे काय नाटक वो? काढ तो झगा, डाग पडतीन."

ती उठली नाही.

"काढ म्हटलं ना!"

"राहू द्या," मी म्हणाले.

माझा आवाज मोठा निघाला. पुढच्या खोलीत सासरे खाकरले. सासूबाई माझ्याकडे पाहत राहिल्या, मग बाहेर गेल्या. मी मुलीच्या समोर दुसरी विळी घेऊन बसले. संध्याकाळपर्यंत तिनं तो झगा काढला नाही, आणि मी कोणाला काढू दिला नाही.