छोटेलालच्या बापाचं नाव

गोंदियाच्या नोंदणी कचेरीबाहेर कडुनिंबाखाली तीन दस्तलेखक बसत. त्यांत रेवाराम कटरे सगळ्यांत हळू लिहायचा. बाकीच्या दोघांकडं घटकाभरात गहाणखत तयार व्हायचं. रेवाराम आधी उलटतपासणी घ्यायचा: नाव काय, बापाचं नाव काय, धंदा कोणता, शेताच्या चारी बाजूंना कोण. मग लिहायचा. मग देणाराला, घेणाराला आणि साक्षीदारांना समोर बसवून मोठ्यानं वाचायचा, आणि प्रत्येक कलमाचा अर्थ सांगायचा. समजल्याशिवाय कुणाचा अंगठा घ्यायचा नाही, हा त्याचा नेम होता. मध्येच कुणी उठलं तर तो पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायचा. ‘मुनशीजीकडं जायचं तं शिदोरी बांधून जा,’ असं खेड्यांतले लोक म्हणत, आणि तरी त्याच्याकडंच येत.

१९५२ च्या उन्हाळ्यात शकुंतलाबाई त्याच्याकडं आली. तिचा नवरा रेल्वेत खलाशी होता. यार्डात दोन डब्यांच्या मध्ये सापडून तो गेला आणि रेल्वेनं तिला एकरकमी पैसे दिले. ते मिळाल्याच्या आठवड्यापासून दीर, भाचे, नवऱ्याचे मित्र अशी सगळ्यांची नड एकदमच निघाली. हातउसनं द्यायचं नाही, जमीन तारण घेऊनच द्यायचं, असं तिनं ठरवलं. व्याजावर खोलीचं भाडं आणि चूल चालेल, असा हिशेब होता.

पैसे हवे होते मुर्रीच्या छोटेलालला. दोन बंड्या आणि चार बैल घेऊन गिरण्यांचा धान वाहायचा त्याचा बेत होता. तारण होतं तलावाखालचं वावर, धानाच्या तीन बांध्यांचं, पाण्याची खात्री असलेलं. तिघं सतरंजीवर बसले. मुर्रीचे दोन साक्षीदार मागं उकिडवे बसले.

“नाव?”

“छोटेलाल.”

“बापाचं?”

“बकाराम.”

साक्षीदारांनी माना हलवल्या. रेवारामनं लिहिलं: छोटेलाल वल्द बकाराम, राहणार मुर्री. आत कचेरीत साहेबानं ओळख विचारली तेव्हाही साक्षीदार एका सुरात म्हणाले, “हो जी, बकारामचा छोटेलाल.” त्यांत कुणी खोटं बोललं नाही. बकारामला मुलगा नव्हता. बालाघाटकडच्या नात्यातला एक मुलगा त्यानं मिसरूड फुटायच्या आधी घरी आणला, राबवला, पोरीशी लग्न लावून घरजवाई केला. मुर्रीत वीस वर्षं त्याला बकारामचाच म्हणत. जन्मदाता श्यामलाल कोण, कुठला, हे गावाला ठाऊकही नव्हतं. फक्त मरायच्या आधी बकारामनं ते वावर जावयाला दान दिलं, तेव्हा दानपत्रात आणि पुढं पटवाऱ्याच्या दप्तरात खरं नाव चढलं होतं: छोटेलाल वल्द श्यामलाल.

एरवी रेवारामनं पटवाऱ्याची नक्कल पाहिल्याशिवाय लेखणी उचलली नसती. पण मालगुजारी जाऊन गावं थेट सरकारकडं आल्याला वर्षच झालं होतं. गावोगावची दप्तरं गाठोडी बांधून तहसिलीत पडली होती, नक्कल मिळायला पावसाळा उजाडला असता. छोटेलालला बैल पेरणीच्या आधी हवे होते. बाईलाही दिरांच्या तगाद्यातून पैसे लवकर मोकळे करायचे होते. एकदा चालेल, असं रेवारामनं मनाशी म्हटलं.

गहाणाचा कागद बाईच्या पेटीत असून भागत नाही. कचेरीत त्याची नोंद नावाच्या सूचीत चढते. उद्या ते वावर कुणी विकत घ्यायला निघाला, तर तो विकणाऱ्याचं आणि त्याच्या बापाचं नाव सांगून सूची शोधायला लावतो. नोंद सापडली की मागं सरतो. नाव चुकलं असेल तर गहाण असतं, पण शोधणाऱ्याला ते दिसत नाही.

पुढच्या वर्षीच्या थंडीत मुर्रीच्या दुसऱ्या एका शेताचं खरेदीखत लिहिताना रेवारामच्या हातात पटवाऱ्याची नवी नक्कल आली. पूर्वेचा शेजारी: छोटेलाल वल्द श्यामलाल. त्यानं ओळ पुन्हा वाचली. समोरच्या माणसाला विचारलं, “तुमच्या पूर्वेला तर बकारामचा छोटेलाल ना?”

“तोच तं. घरजवाई नाई का तो!”

रेवारामनं तो दस्त पुरा केला, वाचून दाखवला, अंगठे घेतले आणि मग आत केशोरावकडं गेला. केशोराव कचेरीतला जुना कारकून. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“लिहिलेली ओळ इथं कुणी खोडत नाही, मुनशीजी. साहेबसुद्धा नाही. नवा दुरुस्तीलेख करा. बाईचा अंगठा, त्याचा अंगठा, पुन्हा नोंदणी. अवघड काही नाही.”

“आणि तो नाही म्हणाला तर?”

“का म्हणेल? जुन्या कागदात चूक राहिली, चल, अंगठा लाव, एवढंच सांगा. पुराण सांगत बसू नका.”

शकुंतलाबाईची खोली कचेरीपासून फार लांब नव्हती. रेवाराम त्या रस्त्यानं घरी गेला, पण थांबला नाही. आधी दुरुस्त करू, मग सांगू. बाईचा जीव कशाला टांगून ठेवायचा, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

मुर्रीत छोटेलाल अंगणात बंडीच्या आसाला वंगण लावत होता. एकच बंडी उभी होती. दुसरीचे बैल खुरकतानं गेले होते, आणि गिरणीवाल्यांनी आता मोटारट्रक घेतले होते.

“या जी मुनशीजी. व्याज तं देऊन राहिलो ना मी बाईले? मंग काऊन आले?”

“व्याजाचं नाही. कागदात चूक राहिली. दुरुस्त करायला अंगठा लागेल तुझा.”

“कायची चूक?”

इथं रेवाराम थांबला असता तर बहुधा काम झालं असतं. छोटेलालनं हात पुसले होते, यायला त्याची हरकत दिसत नव्हती. पण कशावर अंगठा लावतोस ते न सांगता अंगठा घ्यायचा, हे रेवारामनं आयुष्यात केलं नव्हतं. तो ओट्यावर टेकला आणि त्यानं सवयीप्रमाणे सगळं उलगडून सांगितलं. सूची म्हणजे काय, ती नावानं कशी शोधतात, श्यामलालच्या छोटेलालपुढं ही नोंद का सापडणार नाही. छोटेलाल वंगणाचा डबा बाजूला सारून ऐकत राहिला. त्यानं आजवर कुणाचंच इतकं ऐकून घेतलं नव्हतं.

“म्हंजे आता हे वावर कोनाकडंच बांधलेलं नाई?”

“बांधलेलंच आहे. फक्त दिसत नाही.”

“ज्याले दिसत नाई त्याच्यासाठी तं नाईच ना जी.”

“छोटेलाल, बाईचं दुसरं काही नाही रे.”

“मी कुटी नाई म्हनून राहिलो? मंगळवारी बाजाराले येतो. तवाच लावतो अंगठा. च्या घ्या.”

मंगळवारी तो आला नाही. पुढच्या मंगळवारीही नाही. निरोप धाडले तर बायको म्हणायची, बंडी घेऊन गेले, कुठं ते सांगितलं नाही. तिसऱ्या मंगळवारी रेवारामनं सतरंजी टाकलीच नाही. लिहून तयार असलेला दुरुस्तीलेख पिशवीत घेतला आणि सकाळीच मुर्रीला चालत गेला. घराला कडी होती. तो दुपारपर्यंत ओट्यावर बसून राहिला.

परतला तेव्हा शेजारचा दस्तलेखक दौत बंद करत होता. “कुठं होतास रे? तुझा मुर्रीवाला छोटेलाल येऊन गेला. रामलाल शेठला वावर विकलं. तलावाखालचं.”

“सूची पाहिली?”

“नाव सांगून पाहिली. कोरी. पटवाऱ्याची नक्कलही होती, वल्द श्यामलाल. अगदी पक्कं काम.”

रामलालला गोदामाला जागा हवी होती. रेवाराम त्या संध्याकाळीच त्याच्याकडं गेला. रामलालनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “मुंशीजी, आज सबेरे बताते तो मैं पैसा रोक लेता. अब तो गिन के दे दिया.” तो खोटं बोलत नव्हता.

शकुंतलाबाई बिड्या वळत होती. व्याज कमी पडायला लागल्यापासून तिनं सूप मांडीवर घेतलं होतं. रेवाराम दारातच उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं, मुर्रीच्या ओट्यावरच्या बोलण्यासकट. तिचा हात थांबला नाही. एक बिडी पुरी झाली, दोरा बांधून झाला.

“तुम्हाला कधी कळलं म्हणता?”

“तीन आठवडे झाले.”

“आणि आधी त्याच्याकडं गेलात.”

“वाटलं, दुरुस्त करून मगच तुम्हाला सांगावं.”

“म्हणजे तुमची लाज आधी, माझं वावर मागून.”

तो उभाच राहिला तेव्हा ती म्हणाली, “उजेड सोडा दारातला. पान दिसत नाही.”

दावा तीन वर्षं चालला. तिच्या वकिलानं रेवारामलाच साक्षीला बोलावलं. चूक कुणाची, असं विचारल्यावर तो म्हणाला, माझी. विक्रीच्या आधी छोटेलालला हे ठाऊक होतं का? होतं, मीच सांगितलं. रामलालच्या वकिलानं एकच प्रश्न विचारला: “रामलालला सांगितलं होतं?” रेवाराम नाही म्हणाला. नावांच्या सूचीखेरीज गावांप्रमाणे लावलेली दुसरी सूची असते, तीत ते शेत होतं, असं बाईच्या वकिलानं दाखवून पाहिलं. पण तिथंही नाव वल्द बकाराम; ती नोंद दुसऱ्या माणसाची वाटावी असंच होतं. घेणाऱ्यानं रीतसर शोध घेतला, पूर्ण मोल दिलं, त्याला गहाणाची खबर नव्हती, असं कोर्टानं धरलं. जमीन रामलालची. बाईला छोटेलालवर नुसत्या पैशाचा हुकूमनामा मिळाला. जप्तीचा शिपाई मुर्रीला गेला तेव्हा मोडकी बंडी तेवढी सापडली. छोटेलाल बायकोला घेऊन मँगनीजच्या खाणींकडं गेला होता. कोणत्या खाणीवर, ते मुर्रीत कुणाला माहीत नव्हतं, किंवा कुणी सांगितलं नाही.

रेवारामचा परवाना गेला नाही, कारण तक्रार कुणी केलीच नाही. गिऱ्हाईकही तुटलं नाही. तो हळूच लिहीत राहिला. आता नक्कल आल्याशिवाय तो कुणाला सतरंजीवर बसू देत नसे. कुणी घाई केली तर शेजाऱ्याकडं बोट दाखवी.

शकुंतलाबाईनं खोली सोडली आणि कोहमाऱ्याला भावाकडं गेली. हुकूमनाम्याची नक्कल वकिलाकडं पडून राहिली होती, ती घेऊन १९५७ च्या थंडीत रेवाराम बसनं तिकडं गेला. ती परसात धान पाखडत होती. त्यानं कागद उघडला आणि समजावून सांगितलं: हुकूमनामा बारा वर्षं चालतो, दर तीन वर्षांच्या आत अर्ज द्यावा लागतो, तो माणूस कुठं सापडला तर लगेच कळवायचं, अर्ज मी फुकट लिहीन.

ती सगळं ऐकत राहिली. मग म्हणाली, “तो सापडला तर त्याच्याजवळ काय असेल, मुनशीजी?”

रेवारामनं कागद तिच्यापुढं धरला.

आतून भावजयीनं हाक मारली. बाईनं सूप खाली ठेवलं, कागद त्याच्या हातातून घेतला आणि घडी करून कमरेला खोचला. “बस पाच वाजता आहे,” ती म्हणाली. “त्यानंतर नाही.” आणि आत गेली.

रेवाराम तिठ्यावर येऊन बसची वाट पाहत उभा राहिला. समोर एका ट्रकचं चाक बदलणं चाललं होतं. पाचाची बस उशिरा आली.