लोखंड वगळणारं मशीन

आधी त्या मेकॅनिकचे उपकार मानतो, मग प्रकरण सांगतो. नाव लिहीत नाही, कुणाचंच लिहिणार नाही. चाकणच्या कांदा बाजारापासून जरा आत त्याचं मिक्सर, इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान आहे. मी परभणीकडचा, शाळा लवकर सुटलेला, शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. लिहायला बसलं की अजून धास्ती वाटते, कुठं चुकेल म्हणून. पण हा माणूस भेटला नसता तर माझ्या हातून एक बाई आयुष्यातून उठली असती. ते प्रकरण काही केल्या डोक्यातून जात नाही.

फिर्यादी होता चाकणजवळच्या निघोजे गावाच्या बाजूचा एक चाळमालक. त्याची आई वारली आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तो आमच्या चाकण ठाण्यात आला. आईच्या पाटल्या, बोरमाळ आणि पुतळ्यांची माळ कपाटातून गेली म्हणाला. संशय भाडेकरू बाईवर. ही बाई नांदेडकडची, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत ठेकेदाराकडे कामाला. शिफ्टला जाण्याआधी ती म्हातारीला आंघोळ घालायची, वेणी घालून द्यायची. एक पैसा घेत नव्हती. म्हणजे घरात जाणं-येणं होतंच.

मालक रोज फोन करायचा. "आवं साहेब, तीच हाय. उचला की तिला! कशाची वाट बघताय?"

महिला शिपायाला सोबत घेऊन मी त्या बाईला चार वेळा जबाबाला बोलावलं. खोलीची झडती घेतली, गावाकडे चौकशी केली, सराफांना विचारलं. काही निघालं नाही. खरं सांगायचं तर आपल्याच मुलखातली म्हणून मी तिच्याशी जास्त कडक वागलो. कुणी म्हणू नये, गाववाली म्हणून सोडली.

"साहेब, मी न्हाई घेतलं. ठेकेदार म्हणतो, पोलिसाचं मिटवून ये, मग गेटातून आत घेतो. नवरा म्हणतो गावाकडं चल. चोर म्हणून गावाकडं कोणत्या तोंडानं जाऊ?"

मी म्हणालो, "रडू नका, आठवून सांगा." आता लाज वाटते.

त्यातच ठाण्याचा इन्व्हर्टर बिघडला. फिर्याद अर्धी टाइप झाली की वीज जायची, संगणक बंद. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा फिर्यादीचे डोळे वटारलेले. वैतागून मी स्वतःच तो मेकॅनिककडे नेला. त्याने झाकण उघडलं, आत फुंकर मारली आणि म्हणाला, "साहेब, एक बोलू का? रागावणार नाही ना?"

"आधी हे चालू कर. मग बोल."

"तो चाळवाला आलता. म्हणला, जमिनीतलं सोनं, नाणी दाखवणारं मशीन हुडकून दे, स्वस्तातलं. मी मोबाईलवर तीन दाखवली. पार स्वस्त घेऊ नका म्हणलं, ते खिळ्याला पण ओरडतंय, सोन्याला पण तसंच. लोखंड वगळायची सोय असलेलं घ्या. त्यानं घेतलं. आता रोज येऊन भांडतोय, काहीच वाजत नाही म्हणून."

"मग? छंद असेल त्याला."

"असेल. पण साहेब, ज्याचं सोनं घरातून चोरीला गेलं, तो जमिनीत काय हुडकतोय?"

मी त्याच्यावरच खेकसलो. पोलिसांना शिकवू नको म्हणालो. गाडीपर्यंत गेलो आणि तिथून परत आलो.

मालकाला बोलावलं.

"मशीन कशाला घेतलं?"

"जुनी नाणी हुडकायचा नाद हाय मला."

"कधीपासून?"

"झाले की... चार-पाच दिस."

"किती नाणी मिळाली?"

"एक बी न्हाई."

"बरं. तेराव्याला तुमची बहीण आली असेल ना, तिला बोलावतो. आईच्या सोन्याचं तिच्यासमोरच बोलू."

गडी एकदम बसला. "तिला नका बोलवू, साहेब." पाणी मागितलं. मग सगळं बाहेर आलं. बहीण आईच्या सोन्यात अर्धा वाटा मागत होती. चोरी झाली म्हटलं की वाटणीचा प्रश्नच मिटला. घराची झडती होईल म्हणून त्याने डबा आपल्या मोकळ्या प्लॉटवर बाभळीच्या बुडाशी पुरला. आठवड्याने शेजारच्या प्लॉटवर जेसीबी आला आणि चालकाने मोठेपणा दाखवत याचाही प्लॉट फुकटात सपाट करून दिला. बाभूळ गेली, खूण गेली!

पण नुसतं तोंडी बोलणं काय कामाचं? उद्या वकील म्हणेल, दबावाखाली बोलला. मुद्देमाल मिळेपर्यंत त्या बाईवरचा डाग तसाच. दोन पंच घेऊन प्लॉटवर गेलो. बहीण आली, ती बाईही येऊन बांधावर उभी राहिली. मशीन फिरवलं, तर गप्प. लोखंड वगळायचं बटण बंद केलं, तर पावलापावलाला कोकलायला लागलं. त्या जमिनीत वर्कशॉपचा कचरा टाकून भर घातलेली. आम्ही नट काढले, बोल्ट काढले, बाटल्यांची बुचं काढली. सूर्य डोक्यावर. पंच म्हणतोय, "साहेब, माझी सेकंड शिफ्ट हाय." मालक म्हणतोय, "जरा तिकडं बघा की." अरे बाबा, तूच पुरलंस ना!

शेवटी मेकॅनिकला बोलावून घेतलं. त्याने मालकाला एकच विचारलं, "कशात पुरलं?"

"बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात."

मेकॅनिकने कपाळावर हात मारला. "आवं शेठ, लोखंड वगळलं की तुमचा डबाच वगळला की! हे आधी सांगायचं नाही का?"

मग त्याने लोखंड वगळायचं बटण बंदच ठेवलं आणि मशीनची ताटली जमिनीला न टेकवता वीतभर वर धरली. "बारका माल एवढ्या उंचीवरून ऐकू येत नाही," म्हणाला. "डबा मोठा आहे, तो बोलेल." खरंच, नट-बोल्ट गप्प झाले. तो सावकाश चालत राहिला. कुंपणाजवळ मशीन बोललं. हातभर खणल्यावर डबा वर आला. पंचनामा तिथेच केला. खोटी फिर्याद दिल्याबद्दल मालकावर कारवाई झाली, सोन्याचं काय ते पुढे कोर्टाने ठरवलं.

ती बाई बांधावरून उतरून डब्याजवळ आली. मी तिला म्हणालो, तुमच्या निर्दोषपणाचा कागद देतो. मेकॅनिक हळूच म्हणाला, "साहेब, कागद कोण वाचतंय? तिला सगळे तोंडानंच चोर म्हणले ना, मग तोंडानंच सांगा."

दुसऱ्या दिवशी गणवेश घालून कंपनीच्या गेटवर गेलो. शिफ्ट बदलायच्या वेळी ठेकेदार, सुपरवायझर, बसमधून उतरणाऱ्या बाया, सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं, "या बाईंनी काही घेतलेलं नाही. चूक आमची झाली." ती आत गेली.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. मालक बोलत होता तेव्हा मी लिहून घेत होतो. ती बाई बोलत होती तेव्हा मी तिचा नुसता चेहरा बघत होतो, खोटं कुठं सापडतं म्हणून.

मेकॅनिकने इन्व्हर्टरच्या दुरुस्तीच्या पैशांशिवाय काही घेतलं नाही. पंचनाम्यात त्याचं नाव नाही, बक्षिसाच्या यादीत तर नाहीच. पण वेळ सांगून येत नाही. उद्या त्याच्यावर किंवा त्याच्या घरच्या कुणावर कुणी बोट ठेवलं, तर मी असेन तिथून चाकणला येईन, ठाण्याच्या दारात त्याच्या बाजूने उभा राहीन, आणि त्याचं म्हणणं शेवटच्या शब्दापर्यंत लिहून घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही. हे देणं मी फेडणार.