बाईंची काळी चार

नुसता स्वर ऐकून तो पेटीवरची कोणती पट्टी आहे हे सांगता येणं जन्मतःच असावं लागतं, असं मला पुष्कळांनी सांगितलं होतं. मी ते चाळिशीनंतर शिकले. वेळ लागतो, डोकं भणभणतं, घरातले हसतात, पण येतं.

मी अमरावतीला एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. माहेर तेल्हाऱ्याकडचं, शेतकऱ्याचं. घरात गाणं म्हणजे वडील भजनात टाळ धरायचे, तेवढंच. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि मला रविवार रिकामे सापडले, तेव्हा मी गाणं शिकायचं ठरवलं. अमरावतीत शिकवणारे होतेच, पण मी एकदा अकोल्याला बाईंचं गाणं ऐकलं होतं आणि मला त्यांच्याकडेच शिकायचं होतं. मग दर रविवारी सकाळच्या गाडीने अकोला, तिथून ऑटोने मोर्णा नदी ओलांडून जुनं शहर, आणि अरुंद गल्लीतल्या एका घराचा पहिला मजला.

बाई शाळेतून संगीत शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. सत्तरी ओलांडलेली, पाठ ताठ. घराणं भिक्षुकीचं, त्यामुळे बोलणं एरवी अगदी शुद्ध. चिडल्या की मात्र अस्सल वऱ्हाडी. अकोल्यातल्या गाणाऱ्या मंडळींत त्यांची एक ख्याती होती. तंबोरा जुळवायला त्यांना पेटी लागत नसे. बाकीचे आधी पेटीवर पट्टी दाबून सा घेतात, मग तारा जुळवतात. बाई नुसत्या खुंट्या पिळायच्या आणि तार बरोबर काळी चारला यायची. काळी चार म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी. तोच बाईंचा सा, जन्मभराचा.

सुरुवातीच्याच एका रविवारी शेजारच्या घरात मिक्सर सुरू झाला. बाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "पांढरी चार. चटणी घट्ट झाली की खाली उतरेल." आणि थोड्या वेळाने तो आवाज खरंच खाली उतरला.

मी थक्क झाले. म्हटलं, "बाई, हे मलाही शिकवा."

"हे शिकवायचं नसतं. मला चौथ्या वर्षापासून ऐकू येतं. तुला नाही यायचं आता." मग थोड्या मवाळ होऊन म्हणाल्या, "आणि हवंय कशाला? आपल्या गाण्यात सा आपण ठेवू तिथे. त्याच्यापासून बाकीचे स्वर सांभाळले की झालं. ते आधी कर."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण "तुला नाही यायचं" हे वाक्य मी माझ्या वर्गातल्या कुठल्याही पोराला कधी म्हटलेलं नाही, आणि ते मला स्वतःबद्दल ऐकून घेणं जमलं नाही. स्वर म्हणजे शेवटी कंपनं. लाल रंग पाहून लाल म्हणता येतं, तर एका ठरावीक कंपनाला नाव का देता येऊ नये?

मी एकच स्वर धरला, काळी चार. पहाटे जाग आली की कुठलाही आवाज कानावर पडायच्या आत तो स्वर मनातून काढायचा, गुणगुणायचा, आणि मग मोबाईलवरच्या तंबोऱ्याशी ताडून पाहायचा. पहिले कित्येक दिवस मी कुठल्या कुठे असायची. कधी खाली, कधी दोन पट्ट्या वर. नवरा वकील आहे, त्याला सकाळची झोप प्यारी.

"पायटी पायटी काय गुणगुणून राहिली वं?"

"काळी चार."

"अन् काल होती थे?"

"ती पण काळी चारच."

"मले त दोन्ही येगयेगळ्या वाटल्या."

त्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण तो त्या दिवशी बरोबर होता. दोन्ही वेगळ्या होत्या आणि दोन्ही चुकीच्या होत्या.

उन्हाळा संपता संपता मला जाग येताना तो स्वर आपोआप जवळ असल्यासारखा वाटू लागला. मग दुसरा स्वर धरला, मग तिसरा. इथे एक अडचण आली, ती सांगायला हवी. एक स्वर कळला की पुढचा स्वर मी अंतर मोजून काढायची. ते ओळखणं नव्हे, तो हिशेब झाला. म्हणून मी मोबाईलवर एक ॲप घेतलं. ते एक स्वर वाजवायचं, मग मध्येच भांडी घासल्यासारखा कर्कश गोंधळ ऐकवून आधीचा स्वर डोक्यातून पुसून टाकायचं, आणि मग पुढचा स्वर. त्या गोंधळातून पार झाल्यावर जो स्वर ओळखू आला, तोच खरा.

हळूहळू आजूबाजूचं सगळंच बोलायला लागलं. कुलरचा पंप, ऑटोचे हॉर्न, क्लासमधली घंटा. सगळ्यात मजा आली ती डीपीची. आमच्या क्लासच्या खिडकीबाहेर विजेचा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आहे, दिवसभर घुमतो. एकदा पेपर तपासताना लक्षात आलं की तो पांढरी पाचच्या किंचित वर घुमतोय. मी हसत सुटले. वीज सेकंदाला पन्नास फेऱ्या मारते, डीपीचा गाभा त्याच्या दुप्पट थरथरतो. म्हणजे हा आवाज गावोगाव एकच असणार. तेल्हाऱ्याला गेले तेव्हा माहेरच्या रस्त्यावरच्या डीपीखाली मुद्दाम उभी राहिले. तोच स्वर. भाऊ म्हणाला, "काहून उभी आहेस तिथं, शॉक लागन ना!" मी त्याला सांगितलं की तुमचा आणि अमरावतीचा डीपी एकाच सुरात गातो. त्यानं वहिनीकडं पाहिलं, वहिनीनं माझ्याकडं, आणि मला चहा मिळाला.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत मी क्वचितच चुकत होते. बाईंसारखं पापणी लवायच्या आत नाही, मला एक श्वास लागतो. पण उत्तर बरोबर येत होतं. बाईंना मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. पूर्ण जमल्यावर सांगायचं, असं ठरवलं होतं.

अशाच एका रविवारी बाईंनी तंबोरा जुळवला, माझ्या हातात दिला आणि मी तार छेडली. तो स्वर काळी चार नव्हता. पांढरी पाच होता, अर्धी पायरी खाली.

मला पहिल्यांदा वाटलं, माझंच बिघडलं. परतीच्या गाडीत मी मोबाईल कानाला लावून पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. माझा कान ठीक होता. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. मग मागच्या काही महिन्यांतल्या गोष्टी मला वेगळ्या दिसू लागल्या. पेटीवर साथ करणारे काका बाईंकडे येईनासे झाले होते. "त्यांच्या पेटीचे सूर चढलेत, आणि सांगितलं तर राग येतो," असं बाई म्हणाल्या होत्या. रेडिओ त्यांनी बंदच करून टाकला होता. जुनी ध्वनिमुद्रणं आता चुकीच्या वेगाने लावतात, अशी त्यांची तक्रार होती.

हे सगळ्यांचं चुकलेलं नव्हतं. बाईंच्या कानात प्रत्येक स्वर अर्धी पायरी वर सरकला होता. पांढरी पाच त्यांना काळी चार वाटत होती आणि खरी काळी चार त्याहून वरची. गाणं बिघडलं नव्हतं, कारण एकदा सा ठरला की त्यांचे बाकीचे स्वर नेहमीसारखे नेमके लागत होते. म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

सांगायचं की नाही, यावर मी फार घोळ घातला नाही. गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम जवळ आला होता, बाई गाणार होत्या, आणि तिथे भर सभागृहात त्यांचं पेटीशी भांडण होणं मला नको होतं. रियाज संपल्यावर मी म्हटलं, "बाई, तंबोरा पांढरी पाचला लागलाय."

"काळी चारला आहे."

"नाही बाई. गेले काही आठवडे दर वेळी खाली लागतोय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुला गं काय कळतं?"

मग मी सांगितलं. पहाटेचं गुणगुणणं, ॲप, डीपी, सगळं. त्या ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा लाल होत होता.

"म्हणजे आता तू मले सूर शिकवशीन? साठ वर्षं झाले मले गाऊन! मोबाईल पाहून आली अन् मले सांगून राहिली!"

मी वाद घातला नाही. म्हटलं, "बाई, तुमच्या गल्लीत डीपी आहे. इतकी वर्षं ऐकताय. तो कुठे गातो?"

"पांढरी पाचच्या जरा वर," बाई तात्काळ म्हणाल्या. "आधी. आता बदलवलाय त्यांनी. वर चढलाय."

"खाली चला माझ्याबरोबर."

त्या आल्या याचंच मला आश्चर्य वाटलं. भर दुपारची वेळ, गल्ली सामसूम. आम्ही दोघी पदर डोक्यावर घेऊन डीपीखाली उभ्या राहिलो.

"काळी चारच्याही वर," बाई म्हणाल्या. "ऐक."

"बाई, याचा आवाज बदलूच शकत नाही. डीपी नवा आणला तरी नाही. वीज सगळ्या देशात एकाच वेगाने फिरते. हा वर चढायचा असेल तर अमरावतीचा, नागपूरचा, सगळेच चढायला हवेत."

बाई मान वर करून ऐकत राहिल्या. एक स्कूटरवाला आम्हाला वळसा घालून गेला. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे मीच."

"कान सरकलाय बाई. गाणं नाही."

जिना चढताना त्यांनी माझा हात धरला. आधी कधी धरला नव्हता. वर येऊन पाणी प्यायल्या आणि मग जे मनात साठलं होतं ते बोलल्या. त्यांना वाटत होतं आपल्याला भ्रम होतोय. ओळखीचं गाणं लागलं की ते परक्या घरातून येतंय असं वाटायचं. "माझ्या आईचा आवाज आहे एका टेपवर. तोही चुकीचा ऐकू येतो गं. ती असं नव्हती गात."

त्याच आठवड्यात मी सुट्टी काढून त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि सांगितलं की ऐकणं वयाच्या मानाने उत्तम आहे. कानाच्या आतली रचना वयाबरोबर बदलते आणि ज्यांना स्वर थेट ओळखू येतो अशा काहींना असं होतं. औषध नाही. घाबरण्याचं कारणही नाही. बाईंनी एवढंच विचारलं, "गाता येईल ना?" डॉक्टर म्हणाले, "कान गाण्याच्या आड येणार नाही. तुम्ही त्याच्याशी भांडू नका, एवढंच."

पण तेच अवघड होतं. बाईंनी जन्मभर सा डोक्यातून घेतला होता, तारेकडून कधीच नाही. आता डोकं एक सांगत होतं आणि तार दुसरं. मी तंबोरा खऱ्या काळी चारला जुळवला की पहिल्या आलापातच त्या खाली घसरायच्या आणि चिडून थांबायच्या.

मला यातलं थोडं कळत होतं, कारण मी नुकतीच उलट्या बाजूने तीच वाट चालून आले होते. म्हटलं, "बाई, पट्टीचं नाव घ्यायचंच नाही. मी जुळवते. कुठे जुळवला ते सांगणार नाही. तुम्ही फक्त तारेत मिसळा." मी दर वेळी तंबोरा वेगळ्या ठिकाणी लावायची. कधी काळी चार, कधी पांढरी सहा, कधी मध्येच, पेटीवर नसलेल्या जागी. डोक्याला पकडायला काही मिळूच द्यायचं नाही. पहिल्या दिवशी बाई वैतागल्या. "हे तर पहिलीतल्या पोरींचं आहे." मी म्हटलं, "हो, तुम्हीच मला सुरुवातीला हेच सांगितलं होतं. सा ठेवू तिथे." त्यावर त्या पहिल्यांदा हसल्या.

त्या उन्हाळ्यात मी मधल्या वारीही जात राहिले. तोवर क्लासला सुट्ट्या लागल्या होत्या. एके दिवशी बाई गाता गाता इतक्या रंगल्या की संपल्यावर विचारायला विसरल्या, कुठे जुळवला होता म्हणून. मीही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पेटीवाल्या काकांना फोन केला आणि म्हणाल्या, "तुमची पेटी बरोबर होती. माझं चुकलं. पौर्णिमेला साथीला या."

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. मागे तंबोऱ्यावर मी बसले. बाईंच्या सगळ्या जुन्या विद्यार्थिनींना ठाऊक होतं की बाई स्वतः तंबोरा लावतात, त्यामुळे मी खुंट्या पिळायला लागले तशी पुढच्या रांगेत कुजबुज झाली. बाईंनी ती ऐकली. माईक जवळ ओढून त्या म्हणाल्या, "माझा कान आता म्हातारा झालाय. हिने चाळिशीनंतर नवा तयार केलाय. म्हणून तंबोरा ही लावते."

मी पेटीकडे न पाहता काळी चार लावली. काकांनी हळूच पट्टी दाबून पाहिली आणि मान डोलावली. बाईंनी डोळे मिटले. पहिला सा लावताना त्यांचा गळा क्षणभर खाली ओढला गेला, ते माझ्याशिवाय कुणाला कळलं असेल असं वाटत नाही. मग त्यांनी मान तंबोऱ्याकडे कलती केली, तार ऐकली, आणि स्वर तारेत मिसळला. त्यानंतर त्या मनसोक्त गायल्या.

पुढच्या रविवारी मी पोचले तेव्हा बाईंच्याच शाळेतली एक निवृत्त मराठीची शिक्षिका आणि एक मेडिकल दुकान चालवणाऱ्या बाई आधीच सतरंजीवर बसल्या होत्या. दोघीही माझ्याहून मोठ्या. बाई म्हणाल्या, "यांना स्वर ओळखायला शिकायचंय. मी सांगितलं, ते माझ्याकडे नाही, हिच्याकडे." मग उशी पाठीशी घेऊन त्या आरामात बसल्या. "चल, सुरू कर. मी ऐकते."

मी त्या दोघींना म्हटलं, "आधी एकच स्वर निवडा," आणि पेटी पुढे ओढली.